अखंड नमुना, खवल्यांना इजा नसलेला

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या वऱ्हाडातली माणसं दोनच गोष्टी विचारतात. रस्सा झेपला का, आणि चपला आणल्या का. मी रस्सा चाखला नाही आणि चपलांच्या गल्लीत फिरकले नाही. मी तिथे एक मेलेला प्राणी आणायला गेले होते. तो जिवंत निघाला. तिथून पुढचं सांगायला घेतलं की माझा आवाज चढतो, ऐकणाऱ्याचा चहा निवतो आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, "जाऊ द्या हो कुसुमताई, एक जनावर ते." मला जाऊ द्यायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या विभागाचं एक लहानसं संग्रहालय आहे. त्यातल्या खवले मांजराला कसर लागली, पेंढा बाहेर आला आणि खवले एकेक करून गळून पडले. खवले मांजर बहुतेकांनी पाहिलेलं नसतं, म्हणून सांगते. मांजराशी त्याचा काही संबंध नाही. कपाळापासून शेपटीच्या टोकापर्यंत अंगावर नखासारख्या टणक, तपकिरी पात्यांची कौलं शाकारलेली असतात. तोंडात एक दात नाही. जीभ हातभर लांब, मुंग्या आणि वाळवी टिपायला. भीती वाटली की ते पोट आत घेऊन चेंडूसारखं गुंडाळतं, आणि मग बिबट्यालाही ते उलगडत नाही. माणसाला मात्र ते उचलून पोत्यात घालता येतं. चिलखत घालून हे जनावर जगात आलं, पण पळून जाणं काही त्याला जमत नाही.

विभागप्रमुख म्हणाले, नवा नमुना मागवा. कोल्हापुरात संस्थानाच्या शिकारखान्यापासून जनावरांत पेंढा भरणारी घराणी आहेत हे मला माझ्या मैत्रिणीकडून, सुलोचनाकडून ठाऊक होतं. तिच्याकडून पत्ता मिळवून मी कॉलेजच्या कागदावर पत्र लिहिलं. खाली सही, सहीवर शिक्का. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: "नमुना पूर्ण वाढ झालेला, अखंड व खवल्यांना इजा नसलेला असावा." वन्य प्राण्यांना संरक्षण देणारा कायदा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. तो कायदा मी वर्गात शिकवतही होते. परवानगीचं साहेब बघतील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर रागावणार आहे.

कोल्हापूर, पहिला दिवस

आणीबाणी उठल्यानंतरचा तो हिवाळा होता. स्टेशनवर सुलोचना उभी. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली होती. तेव्हा ती माझ्यासारखंच बोलायची. आता लांबूनच ओरडली, "आलो गं आलो! थांब, मी हमाल बघतो." मी चमकलेच. इकडे बायका "मी आलो, मी गेलो" म्हणतात. आमच्याकडे कुणी असं बोललं तर सासू तीन दिवस बोलून दाखवेल. इथे मात्र ते ऐकायला फार मोकळं वाटत होतं, जणू वाक्यालाही कासोटा घातला आहे.

वाटेत गंगावेशीत तिने मला दूध पाजलं. रस्त्यावर म्हशी उभ्या, समोर धार काढायची आणि फेसाळलेला पेला तसाच हातात द्यायचा. मी म्हटलं, तापवलेलं नाही? गवळी म्हणाला, "पावणं, म्हशीच्या पोटातनं तापूनच आलंय की!"

सुलोचनाचं सासर शिरोळकडचं जैन शेतकऱ्याचं. उसाची शेती तिकडे, मुलांच्या शाळेसाठी घर कोल्हापुरात. सूर्य मावळायच्या आत जेवणं आटपतात. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. ताटात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मऊ वरण, घट्ट दही. आमच्याकडे भाकरी जाड आणि ठेचा लसणीशिवाय अपुरा, पण त्या चटणीवर मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. पाणी गाळून घेतात, चुलीत घालायचं लाकूड आधी आपटून घेतात, न जाणो आत किडामुंगी असली तर. मला त्या घराबद्दल फार आदर वाटला.

आणि जेवताना माझं लक्ष सुलोचनाच्या सासऱ्यांच्या हाताकडे गेलं. आप्पा म्हणतात त्यांना. सत्तरीचे, उंच, खणखणीत आवाजाचे. त्यांच्या करंगळीत चांदीची अंगठी होती आणि तिच्यात खड्याच्या जागी तपकिरी, रेघारेघांचा तुकडा बसवला होता.

"आप्पा, हे काय आहे?"

"खवल्याचं खवलं हाय, अक्का. मूळव्याधीवर. देवळाच्या वाटंवर मिळतंय की."

"ते कसं मिळवतात, ठाऊक आहे?"

"मिळवायचं काय त्यात? सापाची कात गळती तशी गळत्यात. रानात पडल्याली येचून आणत्यात."

मी हातातला घास खाली ठेवला. घरी आलेल्या पाहुणीने जेवताना बोलू नये ते मी बोलले. सांगितलं की एखादा खवला झिजून पडत असेल, पण टोपलीभर खवले रानात पडलेले सापडत नाहीत. जनावर मारतात, उकळत्या पाण्यात घालतात आणि कोंबडीची पिसं उपटावीत तसे ते उपटतात. शिवाय त्या खवल्यात औषध काही नसतं. आपल्या नखात असतं तेच त्यात असतं. नखाची अंगठी करून घातली तरी मूळव्याधीला तेवढाच गुण येईल.

सुलोचना मला डोळ्यांनी खुणावत होती. आप्पांनी अंगठी काढायचा प्रयत्न केला; बोट सुजलेलं, ती निघेना. मग ते उठले, मोरीवर जाऊन साबण लावून बराच वेळ खटपट करत राहिले. परत आले तेव्हा करंगळी लाल झाली होती आणि बोटात काही नव्हतं. उरलेलं दही त्यांनी खाल्लं नाही.

मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला त्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला.

दिलावरभाईंचा कारखाना

पेंढा भरणाऱ्या दिलावरभाईंचं घर जुन्या गावात, अरुंद बोळात. बाहेरच्या खोलीत काम, आत संसार. खोलीत तुरटी आणि जुन्या कातड्याचा वास. भिंतीवर एक गवा मानेपर्यंतचा, कपाटावर एका पायावर उभी घार. बरणीत काचेचे डोळे, बोरांसारखे. दिलावरभाई साठीचे, मेंदी लावलेली दाढी, बोटांवर टोचल्याच्या खुणा. त्यांचे वडील आणि आजोबाही हेच करत. ते म्हणाले, हल्ली काम राहिलेलं नाही, शिकारी संपले, आता शाळा-कॉलेजं आणि एखादा हौशी माणूस ज्याला त्याचा मेलेला कुत्रा भरून हवा असतो.

"तुमचं काम हाय बाई ध्यानात," ते म्हणाले. "खवल्याला पेंढा भरणं लई नाजूक. एक खवलं सैल झालं की शेजारचं सुटतंय. पर करीन. उद्या-परवा माल येतोय."

"कुठून?"

"नेसरीच्या पल्याडनं, घाटाकडच्या एका गावातनं. तिथला दुकानदार हाय, त्यो पुरवतोय. मिळालाय म्हणं. जिता हाय अजून."

मी म्हटलं, "जिवंत?"

"मग? कुजल्यालं भरता येतंय व्हय? तुमीच लिवलंय, इजा नसावी. म्हंजे दांडकं घालायचं न्हाय, गोळी न्हाय. पोत्यात घालून टाक्यात बुडवायचं. म्हंजे कातडं साबूत ऱ्हातंय."

हे त्यांनी भाकरीच्या पिठाबद्दल सांगावं तसं सांगितलं. मी एकदम उसळले. म्हटलं, तुम्हाला काही वाटत नाही? पिढ्यान्‌पिढ्या जनावरांची शरीरं हाताळता, त्यांच्या डोळ्यांचा रंगसुद्धा तुम्हाला पाठ आहे, आणि जिवंत प्राणी बुडवायची गोष्ट इतक्या गारपणे करता?

दिलावरभाईंनी हातातली सुई खाली ठेवली.

"बाई, मी उभ्या आयुष्यात मुंगी मारली न्हाय. आनून दिलं की भरतो. खवल्या मी मागवला न्हाय, तुमी मागवला. मी तुमचं पत्र तेवढं म्होरं धाडलं."

"माझं पत्र? कुणाकडे?"

"दुकानदाराकडं. त्यो म्हनला, सरकारी शिक्का असल्याबिगर मी अशा भानगडीत पडत न्हाय."

गव्याचे काचेचे डोळे माझ्याकडे बघत होते. आमचा नमुना कुणीतरी कधीतरी मारून ठेवलेला असेल, कुठल्याशा फळीवर पडून असेल, असंच मी धरून चालले होते. पाहायचं नव्हतं म्हणून पाहिलं नव्हतं. एक प्राणी बिळात सुखाने होता आणि माझ्या शिक्क्याने त्याला बाहेर ओढलं होतं.

दिलावरभाईंना माझी दया आली असावी. आतून चहा मागवला आणि म्हणाले, "आजच्या आज गेलासा तर गावंल. उद्या बाजारचा दिवस हाय, गाडी इकडं यायची. त्याच्या आधी बुडवतील."

घाटाकडचं गाव

सुलोचनाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एस्टीनं जाशील तर संध्याकाळ होईल." बाहेर ओसरीवर आप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी घातली, जीपची किल्ली घेतली आणि मला म्हणाले, "चला अक्का. खवलं मीबी बोटात घालत हुतो. दोगंबी जाऊ."

निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज. वाटेत आप्पा एका टपरीवर थांबले तर चहावाल्याशी कानडीत बोलले, पुढच्या टपरीवर मराठीत. दोन्हीकडे तेवढ्याच मोठ्याने. नेसरी सोडल्यावर शेतं आखडत गेली, डोंगर जवळ आले, रस्त्याची नुसती खडी उरली आणि जीपचं मागचं चाक पंक्चर झालं. सत्तरीच्या माणसाने धोतर खोचून चाक बदललं आणि मी पान्हा धरून उभी राहिले. आमच्याकडे एवढ्या अवधीत चार माणसं जमून सल्ला देतात. इथे एक गुराखी थांबला, काही न बोलता दगड आणून जीप घसरू नये म्हणून चाकांना उटी लावली आणि निघून गेला.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दुकानदाराचंही नाही, गावात त्याला सावकार म्हणत. किराणा, खत, रॉकेल सगळं त्याच्याच दुकानात. दुकानामागच्या अंगणात माणसं गोळा झाली होती. हसणं ऐकू येत होतं. आम्ही गर्दीतून आत शिरलो.

अंगणाच्या मधोमध ते होतं. गोल, चेंडू होऊन पडलेलं, साधारण टोपलीएवढं. मी बारा वर्षं खवले मांजर शिकवत होते आणि जिवंत असं मी ते पहिल्यांदा पाहत होते. खवल्यांवर माती वाळली होती. ते श्वास घेत होतं. प्रत्येक श्वासाला कौलं किंचित उचलत आणि बसत. सावकार, धडधाकट, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस, हातात कुऱ्हाड घेऊन उभा होता.

"आता बगा," तो लोकांना म्हणत होता, "ह्येला कुऱ्हाड लागत न्हाय. बंदूक लागत न्हाय. देवानं लोखंड घालून धाडलंय."

"थांबा!" मी ओरडले.

कुऱ्हाड खाली आली. धारेच्या बाजूने नव्हे, तुंब्याने, पण जोरात. टण्ण असा आवाज झाला. लोक हसले, कुणीतरी शिट्टी घातली. चेंडूतून फुत्कारल्यासारखा आवाज आला आणि तो आणखी आवळला. दोन खवले मोडून बाजूला पडले. त्यांच्या जागी ओलं, गुलाबी मांस दिसायला लागलं आणि हळूहळू लाल झालं.

मी आयुष्यात कुणाच्या अंगावर धावून गेले नव्हते. त्या दिवशी गेले. कुऱ्हाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि काय काय बोलले ते आता आठवत नाही. आप्पा नंतर म्हणाले, वऱ्हाडी लई कडक भाषा हाय. सावकाराने कुऱ्हाड सोडली, पण तो घाबरला नव्हता. त्याला मौज वाटत होती.

"कोण तुमी बाई?"

मी नाव सांगितलं. कॉलेजचं नाव सांगितलं.

त्याचा चेहरा उजळला. "आसं व्हय! मग तुमचाच की माल! या, बसा. ए, खुर्ची आना बाईस्नी." आणि त्याने सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. माझं पत्र. गर्दीला दाखवत त्याने ते मोठ्याने वाचलं. "पूर्ण वाढ झालेला, अखंड व खवल्यांना इजा नसलेला." मग पडलेल्या दोन खवल्यांकडे बघून म्हणाला, "दोन चिकटवून घ्या की."

गावातल्या माणसांपुढे माझी सही फडफडत होती आणि माझ्या समोर ते जनावर रक्ताळलेलं पडलं होतं. मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला होता ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं.

"मला हा प्राणी नको," मी म्हटलं. "सोडून द्या."

"नगं? आसं कसं? तुमास्नी नगं तर दुसरीकडं जाईल. खवल्यांना गिऱ्हाईक हाय, मटनाला हाय."

तेव्हा गर्दीच्या कडेने एक माणूस पुढे आला. चाळिशीचा, किडकिडीत, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याचं नाव मारुती. खवल्या त्याने धरला होता.

"बाई, तुमी कॉलेजातल्या न्हवं?" तो मला म्हणाला. "सावकार म्हनलं, पोरांच्या शिक्षनाला पायजे, जिता न्हेनार, पिंजऱ्यात ठेवनार. म्हनून धरला. न्हायतर ह्येच्या वाटंला कोन जातंय? वाळवी खातंय, आमची छपरं राखतंय. ह्ये मारनार हाईत, आसं मला कुनी बोललं न्हाय."

सावकार म्हणाला, "ए मारुत्या, गप."

आप्पा आता जनावराच्या आणि सावकाराच्या मध्ये जाऊन उभे राहिले, पाय रोवून. "गप कशाला? खरं तेच सांगालाय की त्यो," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "अक्का, मारुतीला संगं घ्या आनि वनखात्याचा मानूस आना. मी हितनं हालत न्हाय."

पंचनामा

वनखात्याचा माणूस दोन मैलांवर राहत होता. चालत गेलो, मारुती पुढे आणि मी मागे. अधिकारी नुकतेच जेवून पहुडले होते. सगळं ऐकून ते हसले. "बाई, गावोगाव चालतं हे. कुणाकुणाला धरायचं?" मी म्हटलं, मला धरा, सुरुवात माझ्यापासून करा. मी वरच्या साहेबांना लिहीन असं म्हटल्यावर त्यांनी गणवेश चढवला.

अंगणात पोचलो तेव्हा गर्दी पांगली होती. आप्पा अजून तसेच उभे. खवल्यावर त्यांनी आपलं उपरणं ओलं करून टाकलं होतं.

अधिकाऱ्यांनी कागद काढले. मी जबाब लिहून दिला: हा प्राणी माझ्या पत्रावरून पकडला गेला, पत्र माझ्या सहीचं आहे, पकडणाऱ्याला तो मारला जाणार हे माहीत नव्हतं, प्राण्याला कुऱ्हाडीने जखम दुकानदाराने माझ्यासमोर केली. अधिकारी वाचून म्हणाले, "स्वतःला कशाला अडकवून घेता? शिकलेल्या बाई तुम्ही." मी म्हटलं, शिकलेली आहे म्हणूनच. त्यांनी कागद पिशवीत ठेवला.

मग नवंच निघालं. "मुद्देमाल जप्त करून ऑफिसात ठेवावा लागेल," ते म्हणाले. "केसचा निकाल लागेपर्यंत."

"मुद्देमाल?"

"हा प्राणी."

मी सांगितलं, हा जिवंत मुंग्या आणि वाळवी खातो, दुसरं काही खात नाही. तुमच्या कोठडीत आठ दिवसांत मरेल. ते म्हणाले, नियम नियम आहे, मुद्देमाल सोडता येत नाही. कायदा ज्याच्या रक्षणासाठी केला त्याला कायद्यानेच उपाशी मारायचं, आणि तेही फायलीला धक्का लागू नये म्हणून! मी भांडत राहिले आणि ते मान हलवत राहिले.

शेवटी आप्पांनी विचारलं, "साहेब, मुद्देमाल तुमच्या ताब्यात मेला तर त्ये कुनाच्या नावावर लागतंय?"

अधिकाऱ्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी लिहिलं: "प्राणी जखमी अवस्थेत असल्याने पकडल्या जागी सोडण्यात आला."

दिवस कलला होता. मारुतीने खवल्याला पोत्यात घालून खांद्यावर घेतलं, पोरगं उचलावं तसं, हाताचा आधार देऊन. डोंगराच्या उतारावर करवंदीच्या जाळीमागे वारूळ होतं आणि खाली बीळ. त्याने पोतं तिथे उपडं केलं. आम्ही लांब जाऊन बसलो. बराच वेळ तो चेंडू चेंडूच राहिला. माझ्या मनात आलं, मेला. आप्पा तोंडातल्या तोंडात काही म्हणत होते.

मग कौलांच्या फटीतून एक निमुळतं नाक बाहेर आलं. वास घेतला. एक बारीक काळा डोळा दिसला. शेपूट सुटली, पाठ सुटली, आणि ते मागच्या पायांवर उभं राहिलं, पुढचे पाय छातीशी धरून, एखाद्या संकोची म्हाताऱ्यासारखं. पाठीवर उजव्या बाजूला दोन कौलं नव्हती. ते तसंच डुलत डुलत बिळाकडे गेलं आणि आत उतरलं. एवढंच. उतरताना मारुतीने मला वाटेतल्या काट्यांची सूचना तेवढी दिली.

पुन्हा त्याच वाटेने

प्रवासवर्णन इथे संपायला हवं होतं. मलाही तसंच वाटलं होतं. परत आल्यावर विभागप्रमुखांनी विचारलं, नमुना कुठे? मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भावनाप्रधान आहात तुम्ही." माझ्यावर केस झाली तर कॉलेजचं नाव येईल याची त्यांना चिंता होती. मी समन्सची वाट बघत होते. ते आलं नाही. मला वाटलं, सगळंच बासनात गेलं.

पावसाळा ओसरल्यावर सुलोचनाचं पत्र आलं. आप्पा गडहिंग्लजकडे गेले होते, तिथे त्यांना मारुती भेटला. त्याच्यावर खटला चालू होता. एकट्या मारुतीवर. चार तारखांना तो डोंगरातून उतरून तालुक्याच्या कोर्टात येऊन बसला होता, दर वेळी मजुरी बुडवून.

मी पत्र दोनदा वाचलं आणि रजेचा अर्ज लिहिला. या वेळी प्रवासात मला ना ऊस दिसला ना डोंगर. आप्पा स्टँडवर आले होते.

कोर्टाच्या व्हरांड्यात मारुती उकिडवा बसला होता. मला बघून उठला, पण हसला नाही. वनखात्याचे तेच अधिकारी तिथे होते. मी विचारलं, माझा जबाब कुठे आहे? ते म्हणाले, "फायलीत नाही. कुठे गहाळ झाला असेल." सावकाराचं नाव? "त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही." आणि मारुतीविरुद्ध? "त्याने कबूल केलंय ना, मीच धरला म्हणून." खरं बोलल्याची ही शिक्षा! ज्याने खोटं सांगितलं तो दुकानात, जिने पत्र लिहिलं ती कॉलेजात, ज्याने कागद हरवला तो पगारावर.

पुकारा झाला. मी आत गेले आणि कुणी विचारायच्या आत उभी राहिले. "साहेब, या गुन्ह्यातली पहिली आरोपी मी आहे. प्राणी माझ्या पत्रावरून पकडला गेला."

न्यायाधीश तरुण होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, कागद चाळले. "बाई, तुमचं नाव कुठेच नाही."

"तेच सांगायला आले आहे. माझं नाव घाला. आणि कुऱ्हाड मारणाऱ्याचंही घाला."

सरकारी वकील हसू दाबत होते. न्यायाधीश हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमच्याविरुद्ध माझ्यासमोर फिर्याद नाही. खाली बसा." मी बसले नाही. उभी राहिले तेवढा वेळ. पंच फिरकलेच नव्हते, जप्त केलेलं काही नव्हतं, मुद्देमाल डोंगरात. नुसत्या कबुलीवर भागेना, मारुतीला पुराव्याअभावी सोडलं. सोडताना न्यायाधीशांनी त्याला समज दिली, "पुन्हा वन्य प्राण्यांना त्रास देऊ नकोस." मारुतीने हात जोडले. ते जोडलेले हात बघून मला कोर्टात मोठ्याने रडावंसं वाटलं, आणि त्याहून मोठ्याने ओरडावंसं.

बाहेर पिंपळाच्या पारावर आम्ही तिघं बसलो. आप्पांनी चहा आणला. मी मारुतीची माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही, मला कळलं नाही. त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला. पहिल्या तारखेला त्याला मिळालेली आरोपपत्राची नक्कल होती ती.

"बाई, ह्यात माज्याबद्दल काय लिवलंय? वाचून दावा. आजवर कुनी वाचून दावलं न्हाय."

मी वाचलं. आरोपीने स्वतःच्या फायद्यासाठी संरक्षित प्राणी पकडला व त्यास कुऱ्हाडीने इजा केली.

"कुऱ्हाडीनं? मी?"

"असं लिहिलंय."

त्याने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, "द्या इकडे, फाडून टाकते. सुटलात तुम्ही." त्याने कागद मागे ओढून घेतला, पुन्हा चार घड्या घातल्या, पिशवीत ठेवला आणि पिशवी सदऱ्याच्या आतल्या खिशात.

"फाडू नगा," तो म्हणाला. "पोरगी माजी पैलीत हाय. वाचाय यायला लागली की तिला देनार हाय. शिकल्याली मानसं काय लिवत्यात, त्ये तिला ठावं पायजे."